अवघड विषयाची अभ्यासबैठक: सिनियर विद्यार्थ्यांनी ती कशी चालवावी

नागपूरच्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजबाहेरच्या टपरीवर उभे राहा. तर्री-पोह्याची प्लेट हातात येईपर्यंत कोणीतरी कोणाला तरी विचारतोच, "एम-थ्री निघाला का?" एम-थ्री म्हणजे गणिताचा तिसरा पेपर. प्रत्येक शाखेचा असा एकेक अवघड विषय ठरलेला असतो. सिव्हिल-मेकॅनिकलला इंजिनिअरिंग मेकॅनिक्स, इलेक्ट्रॉनिक्सला सिग्नल्स, बी.कॉम.ला कॉस्ट अकाउंटिंग, बी.एस्सी.ला ऑरगॅनिक केमिस्ट्री. बॅच बदलते, शिकवणारे बदलतात, पण निकालाची गळती दरवर्षी त्याच विषयात होते.

यावर आपल्याकडे दोन उपाय रूढ आहेत. पैसे असतील तर ट्यूशन, नसतील तर परीक्षेच्या आदल्या रात्री सिनियरच्या रूमवर जाऊन 'इम्पॉर्टंट' उतरवून घेणं. तिसरा उपाय जगात पन्नास वर्षांपासून चालतो आहे आणि त्याला खर्च फारसा येत नाही. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी इथल्या शाखेत १९७३ मध्ये डिॲना मार्टिन यांनी तो सुरू केला. आधी दंतवैद्यक, वैद्यक आणि फार्मसीच्या विद्यार्थ्यांसाठी होता, मग इतर विषयांत आणि इतर देशांत गेला. त्याला तिकडे 'सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन' म्हणतात. तो विषय चांगल्या रीतीने पास झालेला विद्यार्थी पुन्हा त्याच वर्गात जाऊन बसतो, लेक्चर ऐकतो, आणि आठवड्यातून दोन-तीनदा ज्युनिअर मुलांची बैठक घेतो. येण्याची सक्ती नाही. आणि बैठकीत तो शिकवत नाही.

हे शेवटचं ऐकून बहुतेक जण विचारतात, मग तो करतो काय? पुढचा सगळा लेख त्याचंच उत्तर आहे.

विषय निवडा, मुलं निवडू नका

सुरुवात विद्यार्थ्यांच्या यादीपासून करू नका. विषयाच्या निकालापासून करा. मूळ पद्धतीत ज्या विषयात साधारण ३० टक्के किंवा त्याहून जास्त विद्यार्थी नापास होतात, काठावर राहतात किंवा विषय सोडून देतात, तो विषय 'जोखमीचा' धरतात. ही माहिती मिळवायला फार खटपट लागत नाही. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीसाठी प्रत्येक विभाग विषयवार रिझल्ट ॲनालिसिस करतोच. विभागप्रमुखांना भेटून मागच्या तीन वर्षांचे हिवाळी आणि उन्हाळी परीक्षेचे आकडे मागा. तिन्ही वर्षं एकच विषय वर दिसला, की तो तुमचा.

त्याच फाइलीत 'स्लो लर्नर' नावाचा एक रकाना असतो. तो शब्द नोटीस बोर्डावर येऊ देऊ नका, आणि 'रेमेडिअल' हाही नको. चार लोकांसमोर 'कच्चा' ठरून वर्गात शिरायला कोण तयार होईल? खरोखर अडलेला मुलगा तर मुळीच नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत, यूरी ट्राइसमन यांनी कॅल्क्युलसच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. शाळेत हुशार ठरलेले कृष्णवर्णीय विद्यार्थी इथे मागे का पडतात, हा त्यांचा प्रश्न होता. ती मुलं आळशी नव्हती. खोलीत एकटी बसून तासन्‌तास अभ्यास करत होती. चिनी वंशाची मुलं मात्र वर्ग सुटल्यावर एकत्र बसून गणितं सोडवत आणि एकमेकांच्या चुका काढत. ट्राइसमन यांनी मग ज्या कार्यशाळा काढल्या, त्यांत सोपी उजळणी ठेवली नाही. नेहमीपेक्षा अवघड गणितं ठेवली आणि ती गटाने सोडवायला दिली. निकाल सुधारले. तेव्हा नोटीस साधी ठेवा: 'इंजिनिअरिंग मेकॅनिक्सची बैठक, मंगळवार आणि शुक्रवार, सगळ्यांसाठी.' टॉपर आला तर येऊ द्या. तो आला की बाकीच्यांचा संकोच निम्मा जातो.

सगळेच अवघड विषय या पद्धतीला मानवतात असं नाही. जिथे गणित सोडवायचं असतं, आकृती काढायची असते किंवा एकातून दुसरं काढत जायचं असतं, तिथे बैठक उत्तम चालते. नुसत्या पाठांतराच्या विषयात तिचा फायदा कमी. आणि शिक्षकाची जागाच रिकामी असल्यामुळे जो विषय राहतोय, तिथे बैठक मुळीच सुरू करू नका. एकदा सिनियर मुलं फुकटात गाडा ओढतात असं दिसलं, की ती जागा भरायची घाई कोणालाच राहत नाही. त्या विषयासाठी प्राचार्यांकडे निवेदन द्या.

परवानगी, आणि सरांशी काय बोलायचं

सिनियर मुलं ज्युनिअर मुलांना कॉलेज सुटल्यावर एका खोलीत बोलावताहेत, हे कागदावर कसं दिसतं याचा आधी विचार करा. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) नियम २००९ चे. दोन्ही कडक आहेत आणि असावेतच. म्हणून विभागप्रमुखांच्या सहीने लेखी परवानगी घ्या. खोली, वार, वेळ आणि बैठक चालवणाऱ्यांची नावं त्यात असू द्या. एक प्राध्यापक प्रभारी हवेत. त्यांनी खोलीत बसायचं नाही, पण त्या वेळी कॉलेजात असायला हवं. खोलीचं दार उघडं राहील. बैठक कोणाच्या रूमवर किंवा होस्टेलवर भरणार नाही. जमल्यास चालवणाऱ्या दोघांत एक मुलगी असावी, पहिल्या वर्षाच्या मुली येण्याचं प्रमाण त्याने खूप बदलतं.

विषय शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना भेटायला जाताना जपून. त्यांना पहिली शंका हीच येते की आपण नीट शिकवत नाही असं ही मुलं म्हणताहेत. तेव्हा निकालाचा कागद आधी काढू नका. 'सर, मी तुमच्या वर्गात पुन्हा बसू का, ज्युनिअर्सकडून तुमचेच प्रॉब्लेम करून घ्यायचे आहेत,' असं म्हणा. बहुतेक जण खूश होतात. त्यांच्याकडून तीन गोष्टी हव्यात: वर्गात बसायची मुभा, लेक्चरच्या सुरुवातीला दोन मिनिटं बोलण्याची संधी, आणि पंधरा दिवसांतून एकदा पंधरा मिनिटांची भेट. त्या भेटीत 'मुलं घर्षणावर अडली आहेत' हे सांगायचं. कोण अडलंय ते सांगायचं नाही. हजेरीची नावं सरांकडे जाणार नाहीत, हे दोन्ही बाजूंना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. 'बैठकीला येतो म्हणजे याला काही येत नाही' असा शिक्का इंटर्नलच्या मार्कांवर बसेल ही भीती मुलांच्या मनात पक्की असते.

लीडर टॉपर नको

त्या विषयात नव्वदच्या वर मार्क असलेला मुलगा हा पहिला विचार असतो आणि बहुतेकदा तो चुकीचा ठरतो. ज्याला पहिल्याच वाचनात समजलं, त्याला दुसऱ्याला का समजत नाही हे उमगत नाही. तो पाच मिनिटं थांबतो, मग खडू हिसकावून स्वतःच गणित सोडवून मोकळा होतो. पहिल्या सेशनलला, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला, आपटलेला, नंतर धडपडून चांगल्या मार्कांनी वर आलेला विद्यार्थी शोधा. अडकण्याची जागा त्याच्या लक्षात असते.

निवड करताना एक छोटी परीक्षा घ्या. उमेदवाराला चूक असलेलं सोडवलेलं गणित द्या आणि समोर एका मित्राला बसवा. 'यातली चूक याच्याच तोंडून काढून घे, तू सांगायची नाही.' जो तीन मिनिटांत स्वतःच सांगून टाकतो, त्याला दुसरं काम द्या. पोस्टर लावणं, खोली बघणं, नोंदी ठेवणं, कामं भरपूर असतात.

एका विषयाला दोन लीडर हवेत. एकाची सेशनल, प्लेसमेंटचा ड्राइव्ह किंवा गावाला जाणं असलं तरी बैठक बंद पडत नाही. मानधनाचा प्रश्न टाळू नका. आठवड्याला लेक्चरला बसणं, तयारी आणि बैठका मिळून सात-आठ तास सहज जातात. नुसत्या प्रमाणपत्रावर मुलं एक सेमिस्टर ओढतात, दुसऱ्या सेमिस्टरला फिरकत नाहीत. कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजना चालू असेल तर हे काम तिच्यात बसतं का ते विचारा. नसेल तर विभागाच्या निधीतून थोडंफार मानधन मागा.

सुरू करण्याआधी लीडरना दोन दिवस सराव द्या. सराव एकाच गोष्टीचा: प्रश्न आला की उत्तर न देणं. आपसात बसवा, एकाने ज्युनिअर व्हायचं आणि दुसऱ्याने प्रश्न परतवायचा. 'तुला काय वाटतं' हे एकच वाक्य घोकू नका, दुसऱ्या वेळी ते चिडवल्यासारखं लागतं. 'दिलेलं काय आहे, वाच बरं.' 'आकृती काढलीस का?' 'इथपर्यंत पटलं, पुढची ओळ कशी आली?' 'शेजारच्याचं उत्तर वेगळं आहे, दोघं बोला.' अशी पाच-सहा वाक्यं जिभेवर बसली पाहिजेत.

वेळ आणि जागा

हिंगणा, काटोल रोड किंवा उमरेड रोडकडच्या कॉलेजांत पाचला बैठक ठेवली आणि कॉलेजची बस सव्वापाचला सुटत असेल, तर खोलीत लीडर एकटाच बसेल. कामठी, बुटीबोरीहून येणारी मुलं त्या बसवरच असतात. म्हणून टाइमटेबल पाहा. बहुतेक वर्गांना आठवड्यात एखादा मोकळा तास किंवा लवकर सुटणारं प्रॅक्टिकल असतं, बैठक तिथे बसवा. वेळ ठरवण्याआधी एक कागद वर्गात फिरवा आणि कोणती वेळ जमते त्यापुढे खूण करायला सांगा. शहरातल्या कॉलेजात सकाळी आठ ही वेळही चालते. एप्रिलमध्ये तर तीच. दुपारी तीनला पंख्याखाली बसून कोणाच्याही डोक्यात काही शिरत नाही.

जागेचं म्हणाल तर लांबच लांब जोडबाकांचा आणि स्टेजचा वर्ग सगळ्यात वाईट, पण आपल्याकडे बहुधा तोच मिळतो. एक आड एक बाकावर मुलांना उलटं बसवा, म्हणजे चार-चार जण समोरासमोर येतात. लीडरने स्टेजवर चढायचं नाही. आणखी एक स्वस्त सोय: प्लायवूडच्या दुकानात पांढऱ्या गुळगुळीत सनमायकाचे उरलेले तुकडे मिळतात. दीड-दोन फुटांचे कापून घेतले की प्रत्येक गटाला एक फळा होतो. व्हाइटबोर्डच्या मार्करने लिहिता येतं, फडक्याने पुसता येतं. वहीत लिहिलेली चूक मूल झाकून ठेवतं. फळ्यावरची मधोमध असते आणि पुसायला सोपी, म्हणून मुलं धाडस करतात. 

एक बैठक, मिनिटामिनिटाने

एका तासाची बैठक पुरते. सव्वा तासाच्या पुढे नेऊ नका.

पहिली दहा मिनिटं वह्या बंद. 'या आठवड्यात सरांनी काय काय घेतलं, आठवेल ते फळ्यावर लिहा.' मुलं कुरकुर करतात, वही उघडू का विचारतात. उघडू देऊ नका. आठवून काढण्याचा हा त्रास फुकट जात नाही. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग मांडला. काहींनी मजकूर पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्यानंतर घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. आपली परीक्षा तर महिन्यांनी असते.

पुढची पस्तीस-चाळीस मिनिटं गणितांची. दोन गणितं खूप झाली. दहा गणितांची शीट आणली की लीडरला ती संपवायची घाई होते, आणि घाई झाली की तो शिकवायला लागतो. तीन-चार जणांचे गट करा, प्रत्येक गटाला एक फळा आणि एकच मार्कर. नियम असा की ज्याला येतं त्याच्या हातात मार्कर नाही. त्याने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं.

आता प्रत्यक्षात हे कसं चालतं ते बघा. गणित मेकॅनिक्समधलं, साधं. ३० अंशांच्या उतारावर १० किलोचा ठोकळा ठेवला आहे, घर्षणांक ०.७, ठोकळा स्थिर आहे, तर घर्षणबल किती? दहातले सात-आठ जण सरळ सूत्र लावतात. अभिलंब बल म्हणजे १० गुणिले ९.८१ गुणिले कॉस ३०, जवळपास ८५ न्यूटन. त्याला ०.७ ने गुणलं, आले ५९.५. उत्तराखाली दोन रेघा.

इथे लीडरला 'अरे, ते लिमिटिंग फ्रिक्शन आहे', म्हणजे ती घर्षणाची कमाल मर्यादा आहे, असं म्हणायची प्रचंड इच्छा होते. म्हणायचं नाही. विचारायचं, "ठोकळ्याला खाली ओढणारं बल किती, ते काढलं का?" कोणीतरी काढतं: १० गुणिले ९.८१ गुणिले साइन ३०, म्हणजे ४९.०५. आता फळ्यावर बाणासोबत दोन आकडे आहेत. खाली ४९, वर ५९.५. लीडर गप्प. अशा वेळी गटातला संवाद साधारण असा होतो:

"भाऊ, वरचं जास्त आलं न."

"मंग?"

"मंग तं ठोकळा वर चढते."

"चढून राह्यला का? गणितात काय दिलंय?"

"स्थिर आहे म्हणते." थोडा वेळ शांतता. "म्हणजे फ्रिक्शन ४९च आहे. ५९ पर्यंत जाऊ शकते, पण लागलंच नाही."

'लागलंच नाही' हे दोन शब्द त्या मुलाने स्वतः काढले. आता तो शिडीच्या गणितातही प्रत्येक टोकाला डोळे मिटून म्यू-एन (घर्षणांक गुणिले अभिलंब बल) लिहिणार नाही, आधी शिडी घसरायच्या बेतात आहे का ते बघेल. हेच वर्गात सरांनी तीनदा सांगितलेलं असतं. आपण गप्प बसलो म्हणून मधला अर्धा मिनिट त्याला मिळाला.

गप्प बसणं हे कौशल्य आहे आणि ते मोजता येतं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, विचारपूर्वक येतात, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलतात. लीडरने मनात पाचपर्यंत आकडे मोजावेत. पाच खूप लांब वाटतात, तरी मोजावेत.

कॉमर्सवाल्यांनाही हेच लागू आहे. कॉस्ट अकाउंटिंगच्या प्रोसेस कॉस्टिंगमध्ये १,००० नग टाकले, खर्च ४६,०००, नॉर्मल लॉस (अपेक्षित घट) १० टक्के, भंगाराला नगामागे १० रुपये, प्रत्यक्षात नग निघाले ८८०. मुलं भंगाराचे १,००० वजा करून उरलेल्या ४५,००० ला ८८० ने भागतात. नॉर्मल लॉस वगळून उरणाऱ्या ९०० ने भागायचं असतं, म्हणजे नगाला ५० रुपये पडतात आणि २० नगांचा ॲबनॉर्मल लॉस १,००० रुपयांचा. पण '९०० ने भागा' सांगून काम होत नाही. 'कामगाराच्या चुकीने जास्तीचे २० नग खराब झाले, तर चांगल्या नगांची किंमत वाढवायची का?' हा प्रश्न टाका आणि पाचपर्यंत मोजा.

चुकीची उत्तरं लगेच पुसू नका. दोन गटांची दोन उत्तरं शेजारी ठेवा आणि कोणतं बरोबर यावर त्यांनाच भांडू द्या. नागपूरकरांना भांडायला शिकवावं लागत नाही.

शेवटची दहा मिनिटं लिहिण्याची. प्रत्येकाने आजच्या भागावर परीक्षेत येईल असा एक प्रश्न तयार करायचा आणि शेजाऱ्याला द्यायचा. जाताना एका चिठ्ठीवर नाव न घालता 'अजून काय अडतंय' लिहून ठेवायचं. पुढच्या बैठकीची तयारी या चिठ्ठ्यांतून होते.

भाषेचं एक सांगायला हवं. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळहून मराठी माध्यमातून आलेली मुलं लेक्चरमधलं इंग्रजी ऐकतच राहतात आणि विषय हातून जातो. बैठकीत बोलणं मराठीत, हिंदीत, नागपुरीत, जसं येईल तसं होऊ द्या. पण गणित सुटल्यावर शेवटची दोन वाक्यं पेपरात लिहायची तशीच इंग्रजीत सगळ्यांनी लिहायची. समजलेलं असूनही लिहिता न आल्याने गेलेले मार्क सगळ्यात जास्त लागतात.

नेहमी येणाऱ्या अडचणी

'भाऊ, इम्पॉर्टंट सांग न.' ही मागणी पहिल्या दिवसापासून परीक्षेपर्यंत येत राहते. नकार देऊन उपयोग नाही. जुने पेपर त्यांच्यासमोर टाका आणि कोणत्या युनिटवर किती मार्कांचे प्रश्न आले याचा तक्ता त्यांनाच करायला लावा. तासाभरात जी यादी तयार होते ती कोणत्याही सिनियरच्या यादीपेक्षा भरवशाची असते, आणि ती करताना त्यांचा सगळा अभ्यासक्रम एकदा नजरेखालून जातो.

एकच मुलगा सगळी उत्तरं देत असेल तर त्याला मार्करशिवाय दुसऱ्या गटात निरीक्षक म्हणून पाठवा: फक्त प्रश्न विचारायचे. कोणी महिनाभर गप्प बसून येत-जात असेल तर छेडू नका. तो येतोय, तेवढं पुरे. गटात कधीतरी मार्कर त्याच्या हातात येईलच.

लीडरलाच उत्तर येत नसेल तर तसं सांगावं, मुलांसोबत पुस्तक उघडावं, नाहीच जमलं तर सरांना विचारून पुढच्या वेळी सांगावं. याने मान कमी होत नाही. ठोकून दिलेलं चुकीचं उत्तर मात्र व्हॉट्सॲप ग्रुपवरून संध्याकाळपर्यंत साऱ्या वर्गात पोचतं.

व्हॉट्सॲपवरून आठवलं. ग्रुप फक्त वेळ आणि खोली कळवण्यापुरता ठेवा, ॲडमिननेच लिहायचं. सोडवलेल्या गणितांचे फोटो टाकायला लागलात की बैठकीला येणं बंद होतं. न आलेल्यांना फोटो हवा असतो, आणि फोटोला म्यू-एन लिहिण्याआधी थांबायचं कळत नाही.

सुरुवातीला कोणी आलं नाही तर घाबरू नका. पहिल्या सेशनलचा निकाल लागला की खोली भरते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तर वीसचे साठ होतात. त्या गर्दीत लीडर फळ्यावर जाऊन भराभरा सोडवायला लागतो आणि सेमिस्टरभराची शिस्त मोडते. आधीच तयारी ठेवा. नियमित येणाऱ्या मुलांना एकेका गटाचा मार्करवाला करा. आठवड्याभरात त्यांच्यातूनच पुढच्या वर्षीचे लीडर दिसतात.

सेमिस्टरचं कॅलेंडर

बैठक सेमिस्टरच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरू व्हायला हवी. सेशनलनंतर 'आता बघू' म्हणून सुरू केलेली बैठक आजारपणातल्या सलाइनसारखी होते. हिवाळी परीक्षेच्या सेमिस्टरमध्ये सुट्यांचा हिशेब आधीच मांडा. पोळा, दुसऱ्या दिवशी मारबत, गणपती, मग दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन. त्या दिवसांत दीक्षाभूमीकडचे रस्ते बंद असतात आणि आपली अनेक मुलं तिथे सेवेला असतात. त्यापाठोपाठ दिवाळी, होस्टेल रिकामं. गावाहून परतेपर्यंत पेपर दारात. म्हणजे खऱ्या कामाचे आठवडे जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंतच. परीक्षा डिसेंबरमध्ये लांबली तर हिवाळी अधिवेशनात सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीकडची वाहतूक कधी अडेल सांगता येत नाही, त्या भागातल्या कॉलेजांनी बैठक सकाळी ठेवावी.

उन्हाळी सेमिस्टरमध्ये सण कमी, पण गॅदरिंग आणि टेक-फेस्ट जानेवारी-फेब्रुवारी खातात. लीडरही त्यातच अडकलेले असतात. दोन लीडर का हवेत, ते इथे कळतं.

उपयोग झाला का, हे कसं बघायचं

हजेरीची एक वही ठेवा: तारीख, रोल नंबर, कोणता भाग घेतला, चिठ्ठ्यांत काय अडलं होतं. ही वही लीडर आणि प्रभारी प्राध्यापकांकडेच राहील, विषयाच्या सरांकडे जाणार नाही.

निकाल लागल्यावर 'बैठकीला येणारे इतके पास, न येणारे इतके' असा आकडा काढून कोणी मोकळं होतं. तो फसवा आहे. जी मुलं आपणहून येतात ती तशीही थोडी जास्त धडपडणारी असतात. जरा प्रामाणिक तुलना करायची तर बैठक सुरू होण्याआधीच्या एखाद्या मार्कावरून, म्हणजे मागच्या सेमिस्टरच्या गणिताच्या मार्कांवरून, वर्गाचे तीन गट करा. मग प्रत्येक गटात पाच किंवा जास्त बैठकांना आलेल्यांची आणि न आलेल्यांची तुलना करा. खालच्या गटात फरक दिसला तर बैठकीने काहीतरी केलं. फक्त वरच्या गटात दिसला तर तुम्ही हुशार मुलांची सोय करून दिलीत, पुढच्या सेमिस्टरला नोटीस, वेळ आणि गणितांची पातळी तिन्ही तपासा. संख्या लहान असते, एका सेमिस्टरवरून मोठे दावे करू नका. तीच तुलना तीन सेमिस्टर ठेवली की प्राचार्यांपुढे न्यायला कागद तयार होतो आणि मानधनाची मागणी करता येते.

पुढच्या बॅचकडे सोपवताना

नागपुरात अशा कितीतरी चांगल्या गोष्टी एका बॅचसोबत आल्या आणि त्याच बॅचसोबत पासआउट झाल्या. म्हणून शेवटचा पेपर संपायच्या आत तीन वस्तू नव्या लीडरच्या हातात द्या. पहिली, बैठकीची वही. दुसरी, कोणतं गणित चाललं आणि कुठे मुलं अडली याच्या नोंदींसह गणितांची फाइल, उत्तरं न घालता. तिसरी, सनमायकाचे फळे, कोणत्या कपाटात आहेत आणि किल्ली कोणत्या शिपाईकाकांकडे असते या माहितीसह. परवानगीचं पत्र नव्या नावांनी नव्याने घ्यावं लागतं, तो अर्ज सुटीआधीच विभागात देऊन ठेवा. जुलैत कॉलेज उघडल्यावर पहिले दोन आठवडे ॲडमिशनच्या गर्दीत कोणालाच सहीला वेळ नसतो.